घरचा जमाखर्च आणि पानातले अन्न

मध्यम स्थितीतील कुटुंबात काटकसरीचा विषय निघाला की बहुधा जमाखर्चाच्या वहीपासून प्रारंभ होतो. वही असावी, ती रोजच्या रोज लिहिली जावी, महिनाअखेर तिची बेरीज जुळावी, हे सर्व योग्यच आहे. तथापि ह्या वहीचा एक मोठा दोष असा की, तिला पैशाखेरीज दुसरे काही दिसत नाही. एखाद्या महिन्यात वाणसामानावर ४०० रुपये कमी खर्च झाले, तर वही ती रक्कम शिल्लक म्हणून दाखविते आणि घरचा कर्ता पुरुष समाधान पावतो. परंतु ते ४०० रुपये आले कोठून? कीड लागून जी डाळ दर महिन्यास फेकली जात असे ती ह्या वेळी वाचली म्हणून आले, की मुळात डाळच कमी शिजली म्हणून आले? पहिल्या प्रकारची शिल्लक ही खरी बचत होय. दुसऱ्या प्रकारची शिल्लक कोणाच्या तरी पानातून काढून घेतलेली असते. आणि ते पान बहुतकरून घरात सर्वांच्या शेवटी जेवावयास बसणाऱ्या बाईचे असते.

हे बोलणे कोणास अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ स्त्रियांना पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, असल्याचे आढळले. ह्या विकाराची कारणे अनेक आहेत; मासिक रक्तस्राव, बाळंतपणे, पोटातील जंत ही त्यांपैकीच होत. परंतु आहारातील लोहाची उणीव हे त्यांतील एक प्रमुख कारण आहे, आणि सुस्थितीतील घरेही ह्या विकारापासून मुक्त नाहीत. तेव्हा काटकसरीचा विचार करताना ती कोणत्या ठिकाणी करावयाची व कोणत्या ठिकाणी मुळीच करावयाची नाही, हे आधी ठरविणे अवश्य आहे.

ह्यास उपाय असा की, घरखर्चाचा आराखडा मांडताना आरंभी रुपयांचा आकडा न मांडता अन्नाचे वजन मांडावे. १९१८ साली कुन्नूर येथे एका खोलीतील प्रयोगशाळेपासून जिचा उगम झाला, त्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयी नवी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात २,००० कॅलरींच्या आहाराचे जे माप दिले आहे ते साधारणपणे असे: तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ आदी तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. मांसाहारी घरांत डाळींच्या मापाचा काही भाग अंडी-मासळीने भरून निघतो. चौघांच्या कुटुंबासाठी ह्याचे त्रैराशिक सोपे आहे. तीस दिवसांस धान्य ३० किलो, डाळी-कडधान्ये सुमारे १० किलो, तेल सव्वातीन किलो, दाणे-तीळ चार किलोंहून थोडे अधिक, भाजी ४८ किलो, दूध ३६ लिटर. लहान मुले व अंगमेहनतीची कामे करणारी माणसे यांच्या गरजा निराळ्या असल्यामुळे हा आकडा घरोघर थोडाफार बदलेल. परंतु मोजमापास आरंभ करण्यासाठी तो पुरेसा आहे.

आता मागील तीन महिन्यांच्या वाण्याच्या पावत्या काढून त्यांवरील वजनांची बेरीज करून पाहावी. पुष्कळ घरांत असे दिसून येईल की, तेल आणि साखर यांचे आकडे मापाहून मोठे आहेत, पुड्यांतील फराळाचे जिन्नस कोणत्याच मापात बसत नाहीत, आणि डाळींचा आकडा मात्र निम्म्यावर येऊन थांबला आहे. येथेच काटकसरीचा खरा मार्ग उघडतो. डाळ वाढवावयाची म्हणजे तूरडाळच वाढवावयाची असे नाही. कुळीथ, मटकी, चवळी, मसूर, वाल ही कडधान्ये आलटून पालटून घेतली असता ज्या वेळी जे स्वस्त असेल ते घेता येते. तेलबियांचे माप बदामांनी भरण्याची ऐपत थोड्यांची. परंतु शेंगदाणे, तीळ, जवस व कारळे यांच्या कोरड्या चटण्या हे आपल्या स्वयंपाकघरातील जुने धन आहे आणि ते बरणीत पंधरा दिवस सहज टिकते. वाढीव तेल व साखर यांतून जे पैसे सुटतात, त्यांत हा सर्व खर्च बव्हंशी भागतो.

जुन्या घरांत धान्याच्या डब्यातच एक माप ठेवलेले असे. चार चिपट्यांचा शेर व चार शेरांची पायली, हे कोष्टक १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आल्यावर शाळेतून गेले. परंतु डब्यात माप ठेवण्याची पद्धत जाण्याचे काही कारण नव्हते. मुठीने घेतलेली डाळ मनाच्या स्थितीप्रमाणे कमीजास्त होते. महिनाअखेरीस मूठ लहान होते. वाटीने घेतलेली डाळ पहिल्या तारखेस व तिसाव्या तारखेस सारखीच राहते.

वजनाचा आराखडा सिद्ध झाल्यावर मग त्यास पैशाचा आकडा लावावा. मासिक प्राप्तीतून घरभाडे अथवा घराच्या कर्जाचा हप्ता, वीज, शाळेचा खर्च ह्या गोष्टी प्रथम वजा होतात, त्याबद्दल कोणास शिकविण्याचे कारण नाही. घोटाळा होतो तो वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांचा. जूनमधील शाळेची फी व पुस्तके, विम्याचा हप्ता, दिवाळी, घरपट्टी, आणि उन्हाळ्यातील धान्यखरेदी हे खर्च दरवर्षी ठरलेल्या वेळी येतात व दरवर्षी अकस्मात आल्यासारखे वाटतात. ह्या सर्वांची बेरीज करून तिचा बारावा भाग दरमहा निराळा काढून ठेवावा. हा बारावा भाग न काढणारे कुटुंब शेवटी ज्या खात्यात हात घालते ते खाते अन्नाचेच असते. कारण भाडे थांबविता येत नाही, फी थांबविता येत नाही, भाजी मात्र थांबविता येते.

पूर्वी वाण्याकडे उधारीची वही असे. ती वही वाईट खरी, परंतु तिच्यात निदान जिनसांची नावे तरी लिहिलेली असत. आता दुकानातील चौकटीसमोर फोन धरला की पैसे जातात. नोंद राहते, पण ती दुकानाची राहते, जिनसेची राहत नाही. म्हणून ज्या दिवशी खरेदी होईल त्याच दिवशी वहीत जिन्नस, वजन व रक्कम असे तीन रकाने भरावे. दहा मिनिटांचे काम आहे, आणि हायस्कुलात जाणारा मुलगा किंवा मुलगी ते उत्तम प्रकारे करू शकते.

आता बेगमीचा विचार करू. ह्या बाबतीत आपल्या पूर्वीच्या गृहिणींचे ज्ञान खरोखर शास्त्रीय होते. गहू फाल्गुनापासून वैशाखापर्यंत बाजारात येतो. तुरीचे नवे पीक त्याच्या आधी, पौष-माघापासून, येऊ लागते. चिंच, लाल मिरची आणि हळद यांचा हंगाम फाल्गुन-चैत्राचा. कांद्याच्या बाबतीत एक भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे: रब्बीचा, म्हणजे चैत्र-वैशाखात निघणारा कांदा वाळवून हवेशीर जागी पसरला असता पावसाळाभर टिकतो, खरिपाचा कांदा पाणीदार असल्यामुळे टिकत नाही. तांदळाचे गणित ह्याहून निराळे. तो दिवाळीच्या सुमारास येतो, आणि नव्या तांदळाचा भात चिकट होतो व फुगतही कमी, म्हणून जुन्या तांदळास नेहमीच अधिक भाव पडतो. ज्याच्या घरी कोरडी जागा आहे त्याने नवा तांदूळ घेऊन तो घरीच जुना करावा. वाण्याच्या कोठारातील वर्षाचे भाडे आपण का द्यावे?

धान्य भरण्यापूर्वी ते कडक उन्हात वाळवावे हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तापलेले धान्य तसेच डब्यात भरू नये, सावलीत पूर्ण निवू द्यावे, ही गोष्ट पुष्कळजण विसरतात. ऊन धान्यातून निघालेली वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि तेथूनच बुरशीस प्रारंभ होतो. कडुलिंबाचा पालाही वाळलेलाच घालावा. गव्हाला एरंडेलाचा हात लावण्याची चाल चांगली आहे. तेलाच्या पातळ थराने किडीच्या वाढीस अडथळा होतो. एका मोठ्या कोठीपेक्षा चार लहान डबे बरे, कारण एका वेळी एकच उघडावा लागतो व कीड लागली तरी एका डब्यापुरती राहते. रवा, मैदा, बेसन आणि दळलेली पिठे यांची बेगमी पावसाळ्यासाठी कधीही करू नये.

परंतु साठवण म्हणजे बचतच, असा जो समज आहे तो तपासून घेतला पाहिजे. समजा, पुढे १०० रुपयांस मिळणारे धान्य हंगामात ८८ रुपयांस मिळाले. त्यातील आठवा हिस्सा जर किडीने किंवा ओलीने गेला, तर लाभ शून्य होऊन वर निवडण्या-पाखडण्याचे श्रम पदरात पडतात. आणि ते ८८ रुपये जर व्याजाने उचललेले असतील, तर त्याहूनही कमी नासाडीत नुकसान होते. शहरातील दोन खोल्यांच्या जागेत, जेथे गच्ची नाही व ऊनही तिरपे येते, तेथे वर्षाचा गहू भरणे हा केवळ हौसेचा प्रकार होय. अशा घराने दोन महिन्यांपुरती साठवण करावी, व भावाचा लाभ दुसऱ्या मार्गाने मिळवावा.

तो दुसरा मार्ग सामुदायिक खरेदीचा आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने ह्या मार्गाचा चांगला परिपाठ घालून दिला. शेजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करावयाचा, प्रत्येकाने आपली यादी आगाऊ द्यावयाची, सर्वांचा माल एकत्र घाऊक भावाने खरेदी व्हावयाचा, आणि महिन्यातून एकदा तो संघात वाटून घ्यावयाचा. येथे दुकान नाही, मांडणी नाही. भावातील लाभ तर ह्यात आहेच. परंतु त्याहून मोठा लाभ यादी आगाऊ करावी लागते हा आहे. दुकानात गेल्यावर डोळ्यांसमोर जे येते ते घेतले जाते. घरी बसून यादी करताना जे लागते तेच आठवते. ज्या गावात अशी संस्था नाही तेथेही एका वाड्यातील किंवा इमारतीतील पाच-सहा घरांनी गहू, तांदूळ, डाळ व गूळ एवढ्या चार जिनसांपुरता हा प्रयोग करण्यास हरकत नाही.

घरच्या भाजीचा प्रश्न घेताना प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. १९४२ साली युद्धकाळात ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली, आणि १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्या काळापासून शहरातील माणसाने अंगणात अन्न पिकवून स्वयंपूर्ण व्हावे ही कल्पना अधूनमधून डोके वर काढते. चार कुंड्यांत चौघांचे धान्य पिकत नाही. बटाटे-कांदेही पिकत नाहीत. तेथे दात कोरून पोट भरण्यासारखे होईल. परंतु जी वस्तू थोडी लागते, ताजी लागते आणि विकत घेतली असता निम्मी वाया जाते, तिच्यासाठी कुंडीसारखी सोय नाही. कढीलिंबाच्या दोन डहाळ्या, चार मिरच्या, मूठभर कोथिंबीर, पुदिना, गवती चहा ह्या त्या वस्तू होत. कोथिंबिरीची जुडी आणावी, चार काड्या वापराव्या आणि उरलेली चौथ्या दिवशी केरात टाकावी, हे बहुतेक घरांतील साप्ताहिक कर्मकांड कुंडीने थांबते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पालेभाजीची. पसरट ट्रेमध्ये दाट पेरलेली मेथी तीन-चार आठवड्यांत खुडण्याजोगी होते. अंबाडी, माठ, चाकवत हे फार जागा मागत नाहीत. ज्यांना थोडे अंगण आहे त्यांनी शेवगा लावावा. त्याची फांदी खोचली तरी रुजते, शेंगा तर मिळतातच, आणि पाल्याची भाजी गुणाने कोणत्याही विकतच्या पालेभाजीस हार जात नाही. जुन्या वाड्यांत मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी वाढविण्याची रीत होती. आता मोरीच्या पाण्यात साबणाचे क्षार फार असतात, तेव्हा तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी निराळे धरून तेवढेच घालावे. भाज्यांची देठे-साले कोरड्या पाल्याबरोबर झाकण असलेल्या मडक्यात कुजविली की खतही घरचे होते.

प्रयोग परिवाराचे प्रवर्तक श्री. अ. दाभोळकर हे मूळचे गणिताचे अध्यापक. पानावर पडणारे ऊन, पाणी आणि कुजलेला पाला यांचा हिशेब मांडून लहानशा जागेत किती पीक निघू शकते, हे त्यांनी सामान्य माणसांकडून प्रयोग करवून दाखविले. त्यांच्या विचारातील मर्म असे की, बागेत खर्च करावयाचा तो निरीक्षणाचा. सांप्रत ह्याच्या उलट प्रकार दृष्टीस पडतो. रंगीत कुंड्या, पिशवीतील माती, पिशवीतील खत, फवारणीचे यंत्र अशी दोन-तीन हजारांची सामग्री आणून वर्षभरात शंभर रुपयांची कोथिंबीर काढणारे गृहस्थ प्रत्येक गल्लीत एक तरी असतातच. त्यांची हौस त्यांना लखलाभ. तिला काटकसर हे नाव मात्र देऊ नये. फुटकी बादली, जुना डबा, तळाला भोक, आणि दिवसाकाठी चार तास ऊन एवढ्यावर आरंभ करता येतो.

‘आज भाजी काय करू?’ हा प्रश्न रोज सकाळी विचारला जातो, आणि ऐन वेळी सुचलेले उत्तर बहुधा महागच असते. त्याऐवजी रविवारी सायंकाळी आठवड्याची आखणी करावी. आखणीचा क्रम मात्र भाजीपासून नव्हे, तर कडधान्यापासून धरावा. कारण त्यास भिजण्यास रात्र आणि मोड येण्यास आणखी एक दिवस लागतो, म्हणून विसर पडतो तो त्याचाच. सोमवारी मटकीची उसळ ठरली तर शनिवारी रात्री मटकी भिजली पाहिजे. एवढे एक कागदावर असले की उरलेले आपोआप जुळते. नासणारी पालेभाजी बाजाराच्या दिवशी व दुसऱ्या दिवशी, वांगी-भेंडी मध्यंतरी, आणि कोबी, भोपळा, सुरण आठवड्याच्या शेवटी, असा क्रम ठेवला की काहीच फेकावे लागत नाही.

एका पदार्थातून दुसरा काढण्याची विद्या महाराष्ट्रीय स्वयंपाकाइतकी थोड्या ठिकाणी असेल. पुरणाच्या डाळीवरील पाण्याची कटाची आमटी, दोडक्याच्या शिरांची चटणी, फणसाच्या आठळ्यांची भाजी, आंबट ताकाची कढी, उरलेल्या पोळीचा कुस्करा ही सर्व उदाहरणे नित्याचीच. उरलेल्या उसळीत पिठे कालवून थालीपीठ लावले तर ते मूळ उसळीहून अधिक आवडीने खाल्ले जाते. भाताविषयी मात्र सावध राहावे. शिजलेला भात उष्ण हवेत रात्रभर बाहेर राहिला असता त्यात काही जंतू वाढतात, आणि त्यांनी उत्पन्न केलेले विष सकाळी फोडणी दिल्यानेही नष्ट होत नाही. भात उरणारच असेल तर तो पसरट भांड्यात लवकर निववून शीतकपाटात ठेवावा. ती सोय नसेल तर एक वाटी कमीच शिजवावा.

इंधनाविषयी फार सांगावयास नको. पूर्वी चुलीस वैल असे, आणि चुलीतून वाया जाणाऱ्या जाळावर तेथे आमटी मंद उकळत राही. वैल गेला, त्याचे काम आता कुकरचे तीन डबे करतात. कडधान्य भिजविलेले असावे, भांड्यावर झाकण असावे, आणि एकदा उकळी आल्यावर आच कमी करावी. उकळणारे पाणी मोठ्या जाळावर अधिक तापत नाही, नुसते अधिक आटते.

आता पुन्हा पानांकडे. वजनाचा रकाना महिनाअखेर कमी भरला, तर प्रथम डबे पाहावे आणि नंतर केराची बादली. दोन्ही ठिकाणी काही न आढळल्यास घरात पाने कोणत्या क्रमाने वाढली जातात हे पाहावे. पुरुष व मुले आधी, स्त्रिया नंतर, आणि जिने स्वयंपाक केला ती सर्वांच्या मागून, हा क्रम जेथे अजून चालतो, तेथे पाहुणा आला अथवा भाजी रुचकर झाली की शेवटच्या पानावर भात आणि लोणचे एवढेच उरते. बाई त्याची वाच्यता करीत नाही. उलट ‘मला भूक नव्हती’ असे म्हणते. काही घरांत तर ह्यालाच सुगरणीचा संसार म्हणतात! सर्वांनी एकत्र बसून जेवावे हे उत्तम. नोकरी-शाळांच्या वेळांमुळे ते दोन्ही वेळा शक्य नसेल, तर स्वयंपाक होताच प्रत्येकाच्या नावाची उसळ किंवा आमटी वाटीत काढून झाकून ठेवावी, आणि स्वयंपाक करणारीची वाटी सर्वांत आधी काढावी. मापाने शिजविलेली डाळ मापानेच वाटली जावी, एवढाच ह्याचा अर्थ.

ह्या वाटीवर लिंबू पिळण्यास विसरू नये. धान्य, कडधान्य व पालेभाजी यांतील लोह शरीरात फार थोडे शोषले जाते, आणि लिंबू-आवळ्यातील क जीवनसत्त्वामुळे ते प्रमाण वाढते. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच घेतलेला चहा नेमके ह्याच्या उलट कार्य करतो. तेव्हा दुपारची आवराआवर झाल्याबरोबर चहाचे आधण ठेवण्याची जी सवय आहे, ती तासाभराने पुढे ढकलावी.